कातडीचं म्हणणं

पहिला थेंब फुगता कामा नये आणि दुसरा फुगलाच पाहिजे, असं डॉक्टरीणबाईंनी सुई टोचायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. पहिला फुगला नाही. ते बरोबरच होतं, कारण त्यात नुसतं मिठाचं पाणी होतं. पण दुसराही फुगला नाही. निकेशचा उजवा हात रेक्झिनच्या उशीवर उताणा पडला होता. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या पेनाने आकडे घातलेले, प्रत्येक आकड्याशेजारी टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका, आणि बाकी सगळी कातडी नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी सपाट. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला, हात खिडकीच्या उजेडाकडे वळवून पाहिला. "कमाल आहे," त्या म्हणाल्या. शेजारी स्टुलावर निकेशची आई, शांती, बसली होती. कमाल कसली आहे ते त्या खोलीत फक्त तिलाच ठाऊक होतं.

खरं तर पेणच्या बाजारपेठेतल्या या माडीवरच्या दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून तिचा जीव त्या बाटल्यांत अडकला होता. बोटाच्या पेराएवढ्या बाटल्या, बर्फाच्या डब्यात उभ्या करून ठेवलेल्या. बाईंनी एकेक उचलून नाव सांगितलं होतं. ही घरातली धूळ, हे झुरळ, हे मांजर, ही भिंतीवरची बुरशी, ही कोळंबी, हा गवताचा फुलोरा, हे भाताचं तूस. तुसाचंही पाणी करता येतं? शांतीला वाटलं, गाव उचलून कुणीतरी फडक्यातून गाळून घेतलंय आणि त्याचे थेंब आता माझ्या पोराच्या हातावर मांडलेत. प्रत्येक थेंबातून सुईचं टोक जेमतेम टेकवायचं, रक्तसुद्धा येत नाही, मग पुसून घ्यायचं आणि गप्प बसायचं. "आपण याला काही विचारायचंच नाही," बाई म्हणाल्या होत्या, "याच्या कातडीला विचारायचं. जिच्याशी वैर असेल ती वस्तू ती बरोबर ओळखते. तिथं गांधी उठते. घड्याळाचा काटा इथं येईपर्यंत खाजवायचं मात्र नाही." आयुष्य गेलं, पण आपल्या अंगाला काही विचारता येतं आणि ते उत्तर देतं, हे शांतीला कुणी सांगितलं नव्हतं. देवळात कौल लावतात तसंच हे, पण देवाला कौल लावताना निदान नारळ द्यावा लागतो. इथं नुसता हात द्यायचा. तिने नकळत पदर सावरून घेतला होता.

मघापासून ती हात बघत होती आणि मनातल्या मनात एकच गोष्ट मागत होती, तुसाचा थेंब फुगू नये. तेवढं झालं की सुटलो. रोह्याजवळच्या वरश्याच्या पोह्यांच्या गिरणीचे मालक हैबतराव दिवाळीत आलेल्या नव्या मशीनवर निकेशला मिस्त्री म्हणून कायम करणार होते. अट एकच होती. "पोराचा दमा कशाचा हाय ते बघून ये, शांतीबाई," ते म्हणाले होते. "मशीनपाशी छाती भरून खाली बसला, हात आत गेला, तर मी कुणाला तोंड दावू?" मालक माणूस वाईट नव्हता. वाईट नव्हता म्हणूनच त्याला फसवता येत नव्हतं. आणि निकेशने मिस्त्री व्हावं हे शांतीचं एकुलतं एक मागणं होतं. निकेशचा बाप, शिवा, पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबला. खाऱ्या चिखलात पाय कुजत, भेगा पडत, भेगांत मीठ जाई. एका हंगामात एक भेग चिघळली, पाय मांडीपर्यंत सुजला आणि धडधाकट माणूस चार दिवसांच्या तापात गेला. बांधावरच्या सगळ्या माणसांसमोर शांतीने तोंडाला माती लावून सांगितलं होतं, माझा पोर इथं पाय ठेवणार नाही. पोरगं दहावी झाल्यावर तिने बिऱ्हाड उचललं आणि रोह्याला, वरश्याला, एका खोलीत आणून टाकलं. आपली माणसं सोडून दुसऱ्यांची भांडी घासली. भात पिकवणाऱ्या त्या सावलीच्या मुलखात, गिरणीच्या सुक्या फरशीवर, पोराचे पाय तरी कोरडे राहिले.

पाय कोरडे राहिले, पण छाती वाजू लागली. आधी शिंका, सकाळी उठल्यापासून ओळीने, डोळ्यांना धार. मग पहाटे भिंतीला टेकून बसणं, खांदे कानाशी आलेले, आणि आतून ती शिटी. ती शिटी शांतीला खोलीबाहेर, नळावर, भांड्यांच्या आवाजातही ऐकू यायची. गोळ्यांनी शिंका थांबत, झोप लागे, दिवस निघे. मग या डॉक्टरीणबाईंकडे कुणीतरी पाठवलं. बाईंनी छाती तपासली आणि बजावलं, हातावरच्या परीक्षेआधी आठवडाभर गोळी बंद. गोळी पोटात असली की कातडी गुंगते, बोलत नाही. अगदीच लागलं तर हा पंप ओढायचा, पंपाने काही बिघडत नाही. आता पंपाचं म्हणाल तर गावात एकच पंप सगळ्यांनी पाहिलेला, तो शेजारच्या बायजाबाईच्या सासऱ्याच्या उशाशी, आणि तो आला त्याच पंधरवड्यात म्हातारा गेला. पंप लागला म्हणजे माणूस संपला, एवढं डॉक्टरकीचं शिक्षण शांतीकडे होतं. तिने पंप तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. आणि तिसऱ्या पहाटे निकेश भिंतीशी बसून "होतंय कमी, आये, तू नीज," असं एकेक शब्द तोडत म्हणाला, तेव्हा तिच्याने राहवेना. तिने त्या दिवशी गोळी वरवंट्याखाली बारीक केली आणि वालाच्या बिरड्यात घातली. कडवे वाल मुळात कडू, त्यात एका गोळीचा काय पत्ता लागणार? रोज बिरडं. निकेश एवढंच म्हणाला होता, "औंदाचे वाल लय कडू हायत गो आये." आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

त्यात नुसती माया होती असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. शांती स्वतःशी खोटं बोलणारी बाई नव्हती, खरं बोलायला उशीर मात्र लावायची. वरवंटा फिरवताना तिच्या मनात हेही होतं की कातडी गुंगली तर गुंगू दे. नाही बोलली तर नाही बोलली. हात सपाट, पोर मिस्त्री.

"माझं औषधच उतरलं की काय," डॉक्टरीणबाई स्वतःशी पुटपुटल्या. "काल वीज गेली होती बराच वेळ." मग त्यांची नजर शांतीकडे वळली. "ताई, तुमचा हात द्या बघू. तुम्हाला कसला त्रास नाही ना? हा दुसरा थेंब कुणालाही फुगतो. राजा असो, रंक असो. तुमच्या हातावर उठला तर औषध चांगलं आहे." शांतीने हात मागे घेतला. "आमच्या कातड्यावर काय उठणार बाई. जन्म मिठात गेला. जाड झालंय सगळं." बाई हसल्या, म्हणाल्या, "आतल्या बाजूला कुणीच जाड नसतं," आणि त्यांनी तिचं मनगट धरून हात उताणा केला. इतक्या हलक्या हाताने तिला कुणी धरलं त्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. स्पिरिटचा गार बोळा, एक थेंब, आणि सुईचं टोक मुंगीच्या पावलासारखं टेकून गेलं.

आधी काहीच नव्हतं. मग त्या ठिपक्यात खाज जागी झाली. साधी खाज नव्हे, आतून कुणी नखाने बोलावतंय अशी. शांती डोळे फाडून बघत राहिली. ठिपक्याभोवती कातडी फिकी झाली, वर आली, डास चावल्यावर येते तशी गोल गांधी उठली आणि तिच्या चहूबाजूंनी लाली पसरत गेली. तिने काही केलं नव्हतं. ती नुसती बसली होती. हे अंग तिने ओझी वाहायला वापरलं, पोर जन्माला घालायला वापरलं, नवऱ्याला जाळून आल्यावर विहिरीवर घासून धुतलं. त्याला ती बैलासारखी हाकत आली होती. आणि ते आतल्या आत इतकं जागं होतं? एका थेंबाला ओळखून उठून उभं राहण्याइतकं? तिच्या अंगावर काटा आला. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी होतं, लहानपणी पहिल्यांदा उधाणाची भरती बांधाला लागलेली पाहिली होती तेव्हासारखं. तिला एकदम वाटलं, या बाईपासून काही लपवता येईल, पण याच्यापासून, या हातापासून, काही लपवता येणार नाही.

"औषध उत्तम आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्या निकेशकडे वळल्या. "तू गोळी घेतलीस."

"नाय घेतली."

"बघ, मी रागावत नाही. पण मग हा सगळा खटाटोप फुकट. कधी घेतलीस? काल? परवा?"

"नाय घेतली, बाई. आईशप्पथ." निकेशने दुसरा हात शांतीच्या डोक्यावर ठेवला. "ही माझी आई. हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. एक गोळी घेतली असंल तर..."

"नको," शांती म्हणाली.

"तर हिला..."

"नको बोलू बाला!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर बाकावर बसलेली माणसं गप्प झाली. मरणाची भीती तिला नव्हती. पोरगं खरं बोलत होतं आणि खरं बोलूनही खोटं ठरत होतं, ते तिच्या डोक्यावर हात ठेवून, हे तिला सोसेना. "त्यानं नाय घेतली, बाई. मी दिली. वालाच्या बिरड्यात वाटून दिली. त्याला कायपण म्हायती नाय. त्याचा हात खरा हाय आन् त्याची जीभपण खरी हाय."

शांती मान खाली घालून वाट बघत राहिली, आता पोरगं तडकणार. निकेश बघत होता तिच्या हाताकडे, त्या गांधीकडे. मग तो हळूच म्हणाला, "तरी म्हटलं वाल एवढे कडू कसे," आणि हसला, आणि हसता हसता खोकला. डॉक्टरीणबाईंनी मात्र चष्मा काढून डोळे पुसले. हसण्याने की कशाने ते शांतीला कळलं नाही. "पुन्हा आठवडाभर," त्या म्हणाल्या. "आणि पंप कुठं आहे?" तांदळाच्या डब्यात, हे उत्तर ऐकून त्या उठल्या, कपाटातून दुसरा पंप काढला, झाकण काढून स्वतःच्या तोंडाशी धरून दाखवला. "बघा, मी मेले नाही ना? हा पंप शेवटाला घ्यायचा नसतो ताई. हा शेवट येऊ नये म्हणून असतो."

तो आठवडा शांतीने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. हाताला काम नव्हतं हीच शिक्षा होती. गोळी नाही, वाटणं नाही, पोराला फसवणं नाही, नुसतं जवळ बसायचं. शिटी वाजू लागली की निकेश पंप ओढायचा आणि ती पाठीवर हात ठेवून आतली हालचाल मोकळी होताना तळव्यात ऐकायची. बसायला वेळ मिळाला, तसं तिचं मन पोराच्या आयुष्यातून मागे मागे फिरू लागलं. सुईसारखं एकेका जागी टेकायचं आणि थांबून बघायचं. गडबला, माहेरी, भावाच्या खळ्यावर मळणी चालली होती, निकेश चारपाच वर्षांचा, सगळी पोरं पेंढ्यात लोळत होती आणि हा बाजूला बसून डोळे चोळत होता. तिने नजर काढली होती, मीठमोहऱ्या ओवाळून. तिथं उठलं. शाळेच्या सुटीत कोलाडच्या मावशीकडे भातगिरणीशेजारच्या पडवीत झोपला आणि तापाशिवाय आजारी पडून परत आला. तिथंही उठलं. आणि मिठागर? बापाची भाकरी घेऊन तो भर उन्हात बांधावरून पळत यायचा, शिवाला ओरडून हाका मारायचा, पुन्हा पळत जायचा, दिवसभर. एकदाही बसला नाही. एकदाही वाजला नाही. इथं मन थबकलं. पुन्हा पुन्हा तिथंच टेकवून पाहिलं, सपाट. तिने ही आठवण झटकली. अंगणातली पानं झाडावी तशी झाडून लोटली, पण ती उंबऱ्याशी येऊन बसत राहिली. तिला कळत होतं की हे तिला आत्ता कळलेलं नाही. अंगाला जसं सगळं आधीच माहीत असतं तसं तिलाही माहीत होतं. तिने स्वतःच्या मनाला गोळ्या चारल्या होत्या, इतकंच.

दुसऱ्या खेपेला हातावरचं उत्तर यायला वेळ लागला नाही. मिठाच्या पाण्याचा थेंब सपाट. दुसरा थेंब फुगला, अगदी शांतीच्या हातावर उठला होता तसाच, तीच फिकी गोलाई, तीच लाली. तिने आपला हात त्याच्या शेजारी धरून पाहिला. तिथं आता काही उरलं नव्हतं, पण तिला वाटलं, एकाच गिरणीत काढल्यासारखे आहोत आपण. झुरळ नाही. मांजर नाही. कोळंबी नाही, ते ऐकून निकेशने सुटकेचा श्वास सोडला. धुळीला किंचित. आणि मग शेवटच्या ओळीत, कोपराच्या अलीकडे, ते उठू लागलं. शांतीने डोळे मिटले नाहीत. आधी नखाएवढं, मग पसरत पसरत, कडा वेड्यावाकड्या, भिजलेल्या पोह्यासारखं फिकं आणि चपटं. मग त्या कडांना पाय फुटले, इकडे एक, तिकडे एक, आपल्या ठिपक्यातून निघून हातभर चालत जायचं असल्यासारखे. बाईंनी पारदर्शक पट्टी लावली, गांधीच्या कडेकडेने पेन फिरवला. त्याही बघत राहिल्या. इतकी वर्षं हे काम करूनही त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा पाहिल्यासारखा भाव होता, आणि त्याबद्दल शांतीला त्या फार आवडल्या. "तूस," त्या म्हणाल्या. "यात शंका नाही. इतकं मोठं मी फार कमी वेळा पाहिलंय." त्यांनी निकेशच्या खांद्यावर हात ठेवला. "गिरणीत राहिलास तर औषधं वाढत जातील, छाती कमी होत जाईल. मी खोटं सांगणार नाही. तूस नाही अशा जागी काम बघ. मोकळी हवा, वारा असलेली जागा."

शांतीला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या सगळ्या मागण्या, नवसाचे नारळ, वरश्याची खोली, हैबतरावांचं मशीन, हे सगळं एका बाजूला आणि तो भिजल्या पोह्याएवढा फुगवटा दुसऱ्या बाजूला, आणि तो खोटं बोलत नव्हता. पोराच्या अंगाने एवढी वर्षं एकच गोष्ट सांगितली होती आणि ती ऐकायला तिला पेणच्या माडीवर यावं लागलं. तिने वाकून त्या हाताला, पेनाच्या आकड्यांना न पुसता, हलकेच तोंड लावलं. निकेश लाजला. "आये, लोक बघतात गो." स्टँडवर रोह्याची एसटी लागली होती. शांती तिच्याकडे न बघता पलीकडे गेली आणि खाडीकडच्या गावाला जाणाऱ्या टेंपोत चढली. निकेशने कुठे म्हणून विचारलं नाही.

मिठागरात हंगामाची तयारी चालली होती. पावसाने सैल झालेले वाफे माणसं ओळीने तुडवत होती, तळ घट्ट करत होती. खाडीवरून वारा सरळ तोंडावर येत होता. बांधावर शिवाच्या बरोबरीचा महिपती उभा होता, आता मुकादम झालेला, केस पिकलेला. शांतीला बघून त्याने कपाळावर हात आडवा धरला. तिने त्याला थोडक्यात सांगितलं, पोराला कामावर घे. महिपती तिच्याकडे बघत राहिला.

"शांते, शिवा गेला तवा हितंच उभी राहून तू काय बोलली व्हतीस?"

"म्हायती हाय मला काय बोलली ते."

"मंग?"

शांतीने मागे पाहिलं. टेंपो थांबला तिथपासून इथवरचा लांब बांध निकेश वाऱ्याच्या तोंडाने भरभर चालत आला होता. शर्टाची बटणं उघडी, एका हाताची बाही अजून वर दुमडलेली, आणि खाली तुडवणाऱ्यांपैकी कुणाशी तरी तो मोठ्याने बोलत होता, एका श्वासात एक अख्खं वाक्य, मग दुसरं. तिने कान देऊन ऐकलं. शब्दांच्या मागे दुसरा कसलाही आवाज नव्हता.

"मंग काय," ती म्हणाली. "पाय नाजूक हायत त्याचे. पहिला हंगाम चिखलात नको घालू. फावडं दे, वरचं काम दे."

"मिठागरात पाय न भिजवता कसलं काम गो? आन् एकट्याला मी काय वरचं देऊ, बाकीचे बोंबलतील."

शांतीने चपला काढून बांधावर जोडीने ठेवल्या, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि वाफ्यात उतरली. चिखल गार होता, घोट्यापर्यंत आला, जुन्या भेगांना मिठाने ओळखलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मंग त्याच्या वाटणीचं मी तुडवते," ती म्हणाली. "चल, माणसं थांबलीत."

मागे निकेशने बोलणं थांबवून चप्पल काढली.